चुना, मोहफूल आणि पऱ्हाटी : वनस्पतिद्रव्याच्या विद्रावणाचा इतिहास, मराठवाड्याच्या संदर्भात

दौलताबादहून खुलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर कागजीपुरा नावाचे लहानसे गाव आहे. महंमद तुघलकाने इ. स. १३२७ मध्ये आपली राजधानी देवगिरीस आणली, तेव्हा दिल्लीकडील लवाजम्याबरोबर कागद करणारे कारागीरही दक्षिणेत आले व ह्या ठिकाणी वसले, अशी परंपरा आहे. परंपरेतील तपशील बाजूस ठेवला, तरी पुढील काही शतके ह्या गावच्या कागदाने दक्षिणेतील दफ्तरखाने भरले ही गोष्ट निर्विवाद आहे. मराठेशाहीच्या दफ्तरांत जुन्नरी कागदाच्या जोडीने दौलताबादी कागदाचे नाव येते, तो कागद येथला. बहादुरखानी म्हणून नावाजलेली त्याची जात विशेष प्रतिष्ठेची मानली जात असे.

वनस्पतींपासून इंधन करण्याच्या विद्येचा इतिहास कागदाच्या गावापासून सुरू करावा, ह्याचे प्रथमदर्शनी नवल वाटेल. परंतु दोन्ही उद्योगांची पहिली पायरी एकच आहे. झाडाच्या खोडातील किंवा सालीतील तंतू सोडविला, की त्याचा कागद होतो. तोच तंतू पुढे फोडून त्याची साखर केली व ती आंबविली, की मद्यार्क होतो. अवघड काय ते तंतू सोडविणे. ते काम माणसाने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या द्रवांकडून करून घेतले आहे, आणि ह्या प्रत्येक द्रवाची कथा तो पुन्हा हाती येतो की नाही ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरते. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, व त्याभोवतीचा मराठवाडा ह्या प्रदेशाच्या संदर्भात ही कथा पाहण्यास विशेष कारण आहे. येथे दर हिवाळ्याच्या अखेरीस कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधाबांधांवर उभे राहतात, आणि उसाला द्यावयाचे पाणी मात्र वर्षानुवर्षे अपुरे पडते.

प्रथम वनस्पतीच्या शरीराची घडण लक्षात घेतली पाहिजे. खेड्यातील कुडाची भिंत ज्याने पाहिली आहे त्यास ती समजण्यास कठीण जाऊ नये. कुडात उभ्या काड्या असतात, त्या आडव्या बंधांनी आवळलेल्या असतात, आणि वरून माती व शेण ह्यांचे सारवण दिलेले असते. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजाचे लांब तंतू हे काड्यांच्या जागी, हेमिसेल्युलोज नावाची आखूड साखळ्यांची शर्करामय द्रव्ये बंधांच्या जागी, आणि लिग्निन हे सारवणाच्या जागी असते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज ह्या साखरेचीच एकमेकींस जोडलेली माळ होय. माळ तोडणारे अम्ल किंवा एंझाइम तिच्यापर्यंत पोहोचले, तर साखर सुटी होते. परंतु लिग्निनाचे सारवण त्यास आत जाऊ देत नाही. ते जंतूंना दाद देत नाही, पाण्यात विरघळत नाही, आणि झाड शेकडो वर्षे उभे राहते ते बरेचसे त्याच्याच बळावर. म्हणून सारवण आधी उतरवावे लागते.

कागजीपुऱ्याच्या कारागिरांना लिग्निन हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो शब्दच मुळी एकोणिसाव्या शतकातील आहे. तथापि दक्षिणेतील कागदी जी कृती करीत, तिच्यात ह्या सारवणावरचा उपाय स्पष्ट दिसतो. ताग-सणाच्या जुन्या दोऱ्या, फाटकी गोणपाटे व जाळी हा त्यांचा कच्चा माल. तो बारीक तोडून भिजवावयाचा, पायाने चालविण्याच्या ढेकीखाली कुटावयाचा, चुन्याच्या निवळीत मिसळून कित्येक दिवस तसाच ठेवावयाचा, मग पाण्यात धुवावयाचा, पुन्हा कुटावयाचा, सज्जीखार घालावयाचा आणि पुन्हा धुवावयाचा. ही आवर्तने इच्छित शुभ्रता येईपर्यंत चालत. त्यानंतर लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या छापरीवर उचलला जाई, ओले ताव भिंतीवर चिकटवून वाळविले जात, खळ लावली जाई, आणि शेवटी दगडाने घोटून कागदास तकाकी आणली जाई.

ह्या कृतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली कच्च्या मालाच्या निवडीची. सणाच्या सालीतील तंतूंत लिग्निन फारच थोडे असते. त्यातून जुनी दोरी म्हणजे अगोदरच कुजवून, सोलून, वापरून मऊ झालेला तंतू. चुन्यासारख्या सौम्य क्षाराला झेपेल एवढेच काम कारागिरांनी त्याच्यावर सोपविले होते. कपाशीचे किंवा बाभळीचे खोड त्यांनी हौदात घातले नाही, ह्यात अज्ञान नसून अनुभव होता. दुसरी गोष्ट पाण्याची. चुना स्वस्त होता, मजुरी घरची होती. परंतु प्रत्येक धुण्यात द्रव वाहून जाई आणि त्याबरोबर त्यात विरघळलेले सर्व काही जाई. हस्तव्यवसायाच्या प्रमाणात ही नासाडी कोणास जाणवत नसे. मोजमाप वाढले की तीच गोष्ट कारखान्याचे भवितव्य ठरविते.

युरोपात ह्या प्रश्नाला रासायनिक रूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. फ्रान्समधील नॅन्सी येथील रसायनज्ञ ब्राकोनो ह्याने १८१९ साली लिननच्या चिंध्या तीव्र सल्फ्यूरिक अम्लात विरघळवून त्यांची साखर करून दाखविली. कागजीपुऱ्यातील गोणपाट व नॅन्सीतील चिंधी ह्यांत तत्त्वतः भेद नाही; दोन्ही ठिकाणी जुनापुराणा, मऊ झालेला तंतूच निवडला गेला हा योगायोग मोठा बोलका आहे. पायेन ह्याने १८३८ साली लाकडातून सेल्युलोज वेगळे काढले. पुढे अम्लाने लाकडाची साखर व साखरेचा मद्यार्क करण्याचे कारखाने अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, आणि जर्मनीत शोलर व बर्गिअस ह्यांच्या पद्धतींनी दोन महायुद्धांच्या दरम्यान चालले. युद्धाची निकड असे तोवर ते चालत. शांतता झाली की पेट्रोल व उसाची मळी ह्यांच्यापुढे त्यांचा निभाव लागत नसे. सल्फ्यूरिक अम्ल वापरले, तर ते शेवटी चुन्याने मारावे लागे व जिप्समचे ढीग उरत. बर्गिअसने हायड्रोक्लोरिक अम्ल वापरले. ते परत मिळविता येई, परंतु त्या खटाटोपात यंत्रांना गंज चढे. दोहोंपैकी एक दंड भरावाच लागे.

कागदाच्या उद्योगाने मात्र हा प्रश्न सोडविला, आणि तो कसा सोडविला हे पाहण्यासारखे आहे. दाहक सोड्यात लाकूड शिजवून लगदा करण्याची रीत १८५० नंतर प्रचारात आली. शिजवणीनंतर जो काळा द्राव उरे, त्यात लाकडाचे सगळे लिग्निन व महागडा सोडा असे. तो नदीत सोडला तर सोड्याचा खर्चच कारखाना बुडवी. तो आटवून जाळला, तर लिग्निन इंधन म्हणून कामी येते व राखेतून सोडा परत मिळतो. ह्या पुनर्प्राप्तीच्या भट्टीला विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात परिपक्व रूप आले, आणि तेव्हापासून रासायनिक लगद्याचा धंदा खऱ्या अर्थाने स्थिर झाला. हैदराबाद संस्थानात अदिलाबाद जिल्ह्यातील बांबूवर अवलंबून असलेली सिरपूरची कागद गिरणी १९३८ साली स्थापन झाली व १९४२ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. तिच्या गावास कागजनगर हे नाव पडले. एकाच निजामी राज्यात कागजीपुरा मंदावत गेला आणि कागजनगर उभे राहिले. यंत्रांचा आकार हे त्याचे एक कारण खरे. परंतु बांबूसारखे लिग्निनयुक्त द्रव्य पचविण्याची व पचविणारा द्रव परत मिळविण्याची विद्या हे त्याहून मोठे कारण होय.

इंधनाच्या बाजूस हैदराबाद संस्थानाचा इतिहास आणखी वेगळा आहे. तेथे लाकडाकडे वळण्याची गरजच वाटली नाही, कारण जंगलात मोह होता. मोहाच्या वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखर असते. सारवण उतरविणे नको, काड्या फोडणे नको. फूल भिजविले, आंबविले व ऊर्ध्वपातन केले, की मद्यार्क तयार. मोटारींसाठी अल्कोहॉल वापरण्याच्या शक्यतेची १९१९ साली ब्रिटनमध्ये सरकारी चौकशी झाली, तेव्हा हिंदुस्थानातील साधनांचा विचार करताना ह्याच फुलाचा प्रामुख्याने उल्लेख झाला. एक टन वाळलेल्या फुलांपासून शेकडा ९५ तीव्रतेचा सुमारे ९० गॅलन, म्हणजे ४०० लिटरच्या आसपास, मद्यार्क निघतो. आणि एकट्या हैदराबाद संस्थानात स्थानिक दारूची गरज भागवून वर्षास ७ लक्ष गॅलन प्रूफ स्पिरिट काढता येईल इतकी मोहाची झाडे आहेत, असा तो अंदाज होता. ह्या अंदाजात फुले वेचणाऱ्यांचा हिशेब कोठेच नव्हता. पहाटे झाडाखाली वाकून एकेक फूल वेचणारा गोंड, कोलाम किंवा भिल्ल हा त्या फुलांचा पहिला धनी. दुष्काळात तेच त्याचे अन्न. जंगलातील झाडे मोजून इंधनाचे गॅलन काढणाऱ्या कागदात ही गोष्ट येत नाही, ह्याचे नवल करण्याचे कारण नाही.

ह्याच सुमारास नाशिक येथे ॲसिटोनचा सरकारी कारखाना उभारण्यात आला. कॉर्डाइट नावाच्या स्फोटकासाठी लागणारा हा विद्रावक किण्वनाने काढण्याची कला पहिल्या महायुद्धात वाइझमन ह्याने प्रस्थापित केली होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक गिल्बर्ट फाउलर ह्यांनी त्या काळात मोहफुलाच्या जीवरसायनाचाही अभ्यास केला. वनस्पती विरघळविण्यासाठी विद्रावक लागतो आणि विद्रावक वनस्पतीपासूनच मिळतो, हे चक्र महाराष्ट्राच्या भूमीवर अशा प्रकारे शंभर वर्षांपूर्वीच दृष्टीस पडले होते. परंतु त्याची दोन टोके जुळविण्याचे त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही.

पुढे बोधन येथे निजाम साखर कारखाना निघाला व मोहाची जागा मळीने घेतली. बोधन हे नांदेडच्या सीमेलगतचे गाव. मळीपासून काढलेला मद्यार्क पेट्रोलात मिसळण्याचा प्रघात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थानात पडला. त्यासाठी एक अडचण ओलांडावी लागे. साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क शेकडा ९५-९६ च्या पलीकडे शुद्ध होत नाही, आणि उरलेले पाणी पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी बसते. सिडनी यंग ह्याने १९०२ साली बेन्झिनाच्या साहाय्याने हे शेवटचे पाणी काढून टाकण्याची युक्ती शोधली होती. बेन्झीन पाण्याला बरोबर घेऊन वर जाते, थंड केल्यावर वेगळे होते आणि पुन्हा उकळीच्या स्तंभात सोडले जाते. तेच तेच बेन्झीन महिनोन् महिने फिरत राहते. ही पद्धत जगभर टिकली ती बेन्झीन स्वस्त होते म्हणून नव्हे. ते जवळजवळ सगळेच्या सगळे परत मिळे म्हणून.

स्वतंत्र भारताने १९४८ साली पॉवर अल्कोहॉलचा कायदा केला. पेट्रोल मुबलक झाल्यावर तो पुस्तकातच राहिला, आणि संसदेने २००० साली तो रद्द केला. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक काम महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशात बरेलीकडे सुरू झाले. कायद्यांच्या इतिहासात असे विनोद क्वचित आढळतात. त्यानंतरचा वेग मात्र मोठा आहे. २०१३-१४ साली देशात पेट्रोलात इथेनॉलाचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास होते. २०२५ साली ते शेकडा २० वर पोहोचले. ह्यासाठी वर्षास सुमारे १,००० कोटी लिटर इथेनॉल लागते. त्याचा फार मोठा भाग ऊस, तांदूळ व मका ह्यांपासून येतो.

मराठवाड्याचा प्रश्न ह्या ठिकाणी उभा राहतो. उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करण्यास शेतापासूनचा हिशेब धरता सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात नमूद केले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. ती गाडी मिरजेहून सुटत होती; ज्या मिरजेत पंधरा वर्षांपूर्वी पेट्रोलात इथेनॉल मिसळून पाहिले होते, तेच हे मिरज. ज्या प्रदेशास पिण्याचे पाणी साडेतीनशे किलोमीटरांवरून आणण्याची वेळ येते, त्याने इंधनासाठी ऊस वाढवावा की नाही, हा केवळ अर्थशास्त्राचा प्रश्न राहत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर मर्यादा घातली तीही अपुऱ्या पावसानंतरच. अशा स्थितीत पीक काढून घेतल्यावर मागे राहणाऱ्या खोडाकडे, ज्याच्यासाठी वेगळे पाणी द्यावे लागत नाही अशा द्रव्याकडे, लक्ष जावे हे स्वाभाविक होय.

ते खोड येथे पऱ्हाटीचे आहे. महाराष्ट्रात कपाशीखालील क्षेत्र सुमारे ४० लाख हेक्टर असते व त्यात मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी धरली, तर राज्यात वर्षास ८० लाख ते १ कोटी २० लाख टन खोड निघते. परंतु पऱ्हाटी म्हणजे सणाची दोरी नव्हे. तिच्यात सुमारे एक-चतुर्थांश लिग्निन असते. ती लाकडाच्याच जातीची आहे. कागजीपुऱ्याच्या चुन्याने जे झाले ते हिच्या बाबतीत होणार नाही, आणि म्हणूनच सेंद्रिय विद्रावकांचा इतिहास येथे प्रस्तुत ठरतो.

लाकडातील लिग्निन मद्यार्कात विरघळते, हे स्वीडनच्या क्लासन ह्याने १८९३ साली अम्लमिश्रित अल्कोहॉलाच्या साहाय्याने दाखविले. त्याचा हेतू केवळ अभ्यासाचा होता. क्लाइनर्ट व तायेन्थाल ह्या दोघा संशोधकांनी १९३१ च्या सुमारास पाणी व अल्कोहॉल ह्यांच्या मिश्रणात दाबाखाली लाकूड शिजविले, आणि सेल्युलोज व त्यास चिकटलेली द्रव्ये दोन्ही एकाच वेळी हाती येतात असे प्रतिपादून एकस्व घेतले. ह्या प्रतिपादनातच नव्या पद्धतीचे सारे आकर्षण साठवलेले आहे. सोड्याच्या शिजवणीत लिग्निन जाळून टाकावे लागते. अल्कोहॉलाच्या शिजवणीत द्राव पातळ केला, की लिग्निन जवळजवळ शुद्ध स्वरूपात खाली बसते. हेमिसेल्युलोजाच्या शर्करा पाण्यात राहतात. तंतू वेगळा निघतो. आणि अल्कोहॉल ७८ अंशांवर उकळत असल्याने उडवून परत घेता येते. कुडाच्या काड्या, बंध व सारवण ही तिन्ही स्वतंत्र ढिगांत लावावी तसे हे आहे. शिवाय ज्या मद्यार्कासाठी हा खटाटोप करावयाचा, तोच येथे विद्रावक. कारखान्यास तो बाहेरून आणावयास नको.

इतके सर्व अनुकूल असता ही पद्धत नव्वद वर्षांत जगभर का पसरली नाही? कॅनडाच्या न्यू ब्रुन्सविक प्रांतात १९८९ च्या सुमारास ह्या पद्धतीचा एक मोठा प्रायोगिक कारखाना सुरू झाला होता. जर्मनीत केलहाइम येथे दुसरा झाला. दोन्ही १९९० च्या दशकात थांबले. कंपन्यांच्या आर्थिक विवंचना हे त्याचे एक कारण होते. परंतु मूळ अडचण साध्या अंकगणिताने दिसते.

समजा, एक टन काष्ठद्रव्य शिजविण्यास पाच टन द्रव लागला व त्यात निम्मा मद्यार्क असला, तर प्रत्येक टनामागे अडीच टन, म्हणजे सुमारे ३,१५० लिटर मद्यार्क भांड्यात घालावा लागतो. त्या एका टनापासून मद्यार्क मिळतो किती? हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा जो कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आला, त्याची योजना वर्षास २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्याची आहे. म्हणजे टनामागे १५० लिटर. तेच प्रमाण येथे घेतले, तर विद्रावकापैकी शेकडा एक वाया गेल्यास ३१ लिटर, शेकडा दोन गेल्यास ६३ लिटर मद्यार्क प्रत्येक टनामागे नाहीसा होतो. शेकडा पाच वाया गेला, तर १५७ लिटर. मिळकतीहून हानी अधिक. शंभरातील पंचाण्णव भाग परत मिळविणारा कारखाना सामान्य दृष्टीने दक्ष म्हणावा लागेल, आणि तरीही तो इंधन निर्माण करीत नसून इंधन खात असेल. त्यातच १५० लिटरांसाठी ३,१५० लिटर दर फेरीस उकळून थंड करावयाचे, त्याची उष्णता वेगळीच. ह्या गणितापुढे रसायनाचे सौंदर्य फिके पडते. पानिपतच्या कारखान्याने विद्रावकाचा मार्ग घेतला नाही. तेथे पुण्याच्या प्राज कंपनीच्या पद्धतीने वाफ, सौम्य अम्ल व एंझाइमे ह्यांच्याकडून काम होते. ही पद्धत द्रव कमी वापरते. तिच्यापुढील अडचणी दुसऱ्या आहेत. पेंढा गोळा करणे व तो वर्षभर साठविणे ही त्यांपैकी मोठी.

विद्रावकाचा मार्ग भारतात आसामने घेतला. गोलाघाट जिल्ह्यात नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल करण्याचा कारखाना सप्टेंबर २०२५ मध्ये देशास अर्पण झाला. फिनलंडमधील केमपोलिस कंपनीच्या पद्धतीने तेथे बांबू फॉर्मिक अम्लासारख्या सेंद्रिय अम्लांत शिजविला जातो. फॉर्मिक अम्ल म्हणजे मुंगी चावल्यावर जे झोंबते ते. ते लिग्निनाचा उत्तम विद्रावक आहे, आणि थोड्या तापमानात काम करते. परंतु त्याचा उत्कलनबिंदू पाण्याच्या अगदी निकट, १०१ अंशांच्या आत आहे. अल्कोहॉल पाण्यापासून उडवून काढता येते तसे हे सहजासहजी निघत नाही. अम्ल परत मिळविणे हाच म्हणून ह्या पद्धतीचा गाभा. तिची जमेची बाजू अशी की शिजवणीतच बांबूच्या हेमिसेल्युलोजापासून फर्फ्युराल व ॲसिटिक अम्ल ही विक्रीयोग्य द्रव्ये तयार होतात; वर्षास सुमारे ४९ हजार टन इथेनॉलाच्या जोडीला ती विकावयाची अशी तेथील योजना आहे. एकट्या इंधनावर विद्रावकाचा खर्च भागत नाही, ही गोष्ट त्या योजनेत गृहीतच धरलेली दिसते. हे प्रांजळ आहे.

ह्याहून नवे विद्रावकही पुढे आले आहेत. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात रॉजर्स व त्यांचे सहकारी ह्यांनी २००२ साली द्रवरूप लवणांत, म्हणजे आयनी द्रवांत, सेल्युलोज सरळ विरघळवून दाखविले. विस्कॉन्सिन येथे २०१४ साली गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन ह्या वनस्पतिजन्य विद्रावकात लाकडाच्या शर्करा सोडविण्यात आल्या. आयनी द्रव उडत नाहीत, पेटत नाहीत. परंतु त्यांची किंमत अशी, की त्यांच्या बाबतीत शेकडा एकाची हानीही परवडत नाही. प्रत्येक नव्या शोधाबरोबर विद्रावण सोपे व पुनर्प्राप्ती कडक होत गेली आहे, असे ह्या दोन शतकांचे वळण दिसते.

महाराष्ट्रात ह्या विषयाची परंपरा नाही असे म्हणता येत नाही. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने २००८ साली जैवऊर्जेचे केंद्र निघाले. त्याच्या पद्धतीचा दिवसास १० टन द्रव्य घेणारा कारखाना २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे सुरू झाला. ह्याच संस्थेचे मराठवाड्यातील आवार २०१८ पासून जालन्यास आहे, आणि जालना हा कपाशीचा जिल्हा. मुंबईची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासूनची. तिने पऱ्हाटीपासून लगदा व फळ्या करण्याचे काम केले असून, नागपूरच्या तिच्या केंद्रात पार्टिकल बोर्डचा प्रायोगिक कारखानाही उभारला. त्या कामाचा एक धडा विद्रावकवाल्यांनी घेण्यासारखा आहे. पऱ्हाटी हलकी, फोफशी व विखुरलेली असते. ती शेतातच यंत्राने बारीक केल्याशिवाय गाडीत भरण्यात अर्थ नसतो. रसायनज्ञाचा खर्च भांड्यापाशी सुरू होतो, शेतकऱ्याचा बांधापाशी.

आणि बांधावरची पऱ्हाटी ही टाकाऊ वस्तू आहे हेही अर्धेच खरे. मराठवाड्यातील खेड्यांत चुलीचे सरपण म्हणून तिचा मोठा आधार आहे. ज्या घरी जमीन नाही, तेथील बाई दुसऱ्याच्या शेतातील पऱ्हाट्या उपटून देते व मोबदल्यात त्यांतील भारा घरी नेते. गॅसची टाकी घरात आली तरी ती भरून आणण्यास पैसे लागतात, पऱ्हाटीस लागत नाहीत. कारखाना टनामागे भाव देऊ लागला, की ही पऱ्हाटी मालकाची होईल आणि भारा बंद होईल. उलट, पऱ्हाटी शेतात किंवा घराशेजारी रचून ठेवण्यात गुलाबी बोंडअळीचा धोका आहे. तिच्या वाळलेल्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत सुप्त राहते, म्हणून कृषी खाते पऱ्हाट्या लवकर काढून त्यांची विल्हेवाट लावण्यास सांगत आले आहे. बांधावरच जाळून टाकणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त व सर्वांत वाईट उपाय. ज्या एका खोडाकडे रसायनज्ञ साखर म्हणून, कीटकतज्ज्ञ अळीचे घर म्हणून, आणि मजूर बाई दोन वेळच्या सरपणाचा भारा म्हणून पाहते, त्याची किंमत ठरविताना तिघांचेही म्हणणे ऐकावे लागेल. मोहफुलाच्या १९१९ च्या हिशेबात वेचणाऱ्याचे नाव नव्हते.

केवळ आकड्यांचा विचार केला, तर ८० लाख टन पऱ्हाटीतून पानिपतच्या प्रमाणाने १२० कोटी लिटर इथेनॉल निघेल. देशाच्या आजच्या गरजेचा तो सुमारे आठवा हिस्सा. सर्व पऱ्हाटी कारखान्यात येणे शक्य नाही व इष्टही नाही, म्हणून निम्मा-पाव भाग धरावा. तेवढ्यासाठीही जे कारखाने लागतील, ते ह्या प्रदेशात काढावयाचे तर त्यांच्या द्रवात मद्यार्काच्या किंवा अम्लाच्या जोडीला पाणी असणारच, आणि धुण्यासाठी आणखी लागणार. परदेशी ग्रंथांत विद्रावकाच्या पुनर्प्राप्तीचे जे कोष्टक असते, त्यात पाण्याचा रकाना बहुधा नसतो, कारण न्यू ब्रुन्सविकमध्ये कारखान्याच्या दारात नदी वाहते. मराठवाड्यासाठी तो रकाना पहिला घालावा लागेल, आणि त्यात उन्हाळ्यातील महिने वेगळे दाखवावे लागतील.